पाण्याक जोर नाय

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेला निघालं की जमीन अंग चोरायला लागते. देवबागेत पोचेपर्यंत ती इतकी अरुंद होते की रस्त्याच्या एका बाजूच्या माडांमधून अरबी समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूच्या माडांमधून कर्ली नदी. गावाच्या टोकाला संगमावर दोघांची गाठ पडते आणि जमिनीचा विषयच संपतो. पलीकडे दिसतं ते भोगवे, म्हणजे वेंगुर्ले तालुका. पाणी देताना देवाने इतका सैल हात सोडलेली गावं थोडीच असतील. पश्चिमेला पाणी, पूर्वेला पाणी, दक्षिणेला पाणी आणि जूनपासून चार महिने वरूनही पाणी.

अशा या पट्टीच्या मधोमध, माडांच्या दोन रांगांमध्ये, निळ्या टाइल्सचा तलाव खणला जातो. तलावाच्या कोपऱ्यात सहा जेटांचा स्पा बांधला जातो. आणि पहिल्याच दिवाळीच्या हंगामात मालकाला ते वाक्य ऐकावं लागतं: "काका, जेटला प्रेशरच नाहीये हो."

मालकाची पंचाईत अशी की त्याला या वाक्याचं आश्चर्य वाटलेलं दाखवता येत नाही. त्याचं घर सात पिढ्या भरती-सुकतीच्या मध्ये उभं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा समुद्र किती जोराने परसात येऊ शकतो हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच परसात आता पाण्याला जोर नाही, अशी तक्रार आहे. शेजारचा म्हातारा रापण ओढून आयुष्य काढलेला. तो कुंपणावरून डोकावतो आणि विचारतो, "बाजूक समुद्र आसताना ह्या डबक्यात कित्या बसतत रे ते?"

प्रश्न बिनतोड आहे. पण धंद्याची उत्तरं वेगळी असतात. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तेव्हापासून माशांच्या जोडीने पाहुण्यांवरही घरं चालू लागली. पाहुणा पाचशे किलोमीटर गाडी चालवून समुद्र बघायला येतो, हे खरं. पण खोली ठरवताना त्याचा पहिला प्रश्न "एसी आहे का" आणि दुसरा "पूल आहे का" हाच असतो. संगमावरचे प्रवाह फसवे, पावसाळ्यात दर्या खवळलेला, बरोबर लहान मुलं. शिवाय समुद्राच्या पाण्याने केस चिकट होतात ही तक्रार आहेच. समुद्रात बुडी मारायला शिकवणाऱ्या पर्यटन महामंडळाच्या तारकर्लीच्या केंद्रातसुद्धा शिकाऊ माणसाला आधी तलावातच उतरवतात. तेव्हा देवबागेत तलाव असणं यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं पुढेच आहे.

तक्रार आली की उपाय सांगणारे जमतात. कोकणात त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. मुंबईहून आलेला चाकरमानी चुलतभाऊ, लाईट फिटिंग करणारा, होडीचं इंजिन दुरुस्त करणारा, आणि ज्याने हे सगळं बसवलं तो प्लंबर सोडून बाकी सगळे. सर्वांचं एकमत पाच मिनिटांत होतं: "मोटार मोठी घाला." एक एचपीची काढा, दोनची टाका. दुप्पट ताकद, दुप्पट पाणी. हिशेब सरळ आहे आणि सरळ हिशेबाचं कोकणात कोणी ऐकत नाही असं म्हणतात. पण नेमका हाच हिशेब सगळे ऐकतात, आणि नेमका हाच चुकीचा असतो.

पाइप तेच ठेवून त्यातून जास्त पाणी ढकलायला गेलं की घर्षण पाण्याच्या वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाणी दुप्पट हवं तर अडथळा सुमारे चौपट होतो आणि ताकद लागते सुमारे आठपट. उलटं मांडलं तर मोटारीची ताकद दुप्पट केल्यावर पाणी वाढतं फक्त सव्वापट. विजेचं बिल मात्र प्रामाणिकपणे दुप्पट येतं. दोन एचपीची नवी मोटार बसवून, नारळ फोडून, बटण दाबून मंडळी स्पाभोवती उभी राहतात. पाणी आधीपेक्षा थोडं बरं उडतं. आवाज मात्र इतका वाढतो की काही वेळ सर्वांना जोर आल्यासारखंच वाटतं.

वास्तविक या जेटाचं आणि शेतीच्या मोटारीचं नातं फार जुनं, आणि मोठं चमत्कारिक आहे. इटलीतल्या कासार्सा गावाकडचे सात जकूझी भाऊ अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला त्यांनी १९१५ मध्ये कारखाना काढला. कशाचा? विमानाच्या पंख्यांचा. मग त्यांनी बंद केबिनचं विमानही बांधलं. १९२१ मध्ये ते कोसळलं आणि त्यात एक भाऊ गेला. आईने विमानांचा विषय बंद करायला लावला. मुलांनी ऐकलं आणि जमिनीवरचं, खरं तर जमिनीखालचं काम हाती घेतलं: १९२६ च्या सुमारास त्यांनी विहिरीतून पाणी उपसणारा जेट पंप बनवला. मळेवाल्यांना तो विकून घर चालू लागलं. पुढे एका भावाच्या लहान मुलाला संधिवाताने गाठलं. इस्पितळात त्याला पाण्याच्या झोतांचे उपचार मिळत. ते घरच्या टबात मिळावेत म्हणून घरच्याच पंपाच्या कारखान्यात खटपट झाली आणि १९५६ मध्ये टबात सोडायचा पंप बाजारात आला. १९६८ मध्ये तिसऱ्या पिढीतल्या रॉय जकूझी यांनी टबाच्या भिंतीतच जेट बसवले. तेव्हा कुठे ती चैनीची वस्तू झाली. म्हणजे देवबागेत पाहुणा ज्यात पाठ शेकत बसतो, त्याचं मूळ विहिरीवरच्या मोटारीत आहे आणि त्याचा हेतू एका आजारी पोराचे सांधे हा होता. पाहुण्याला हे सांगितलं तर तो फोटो काढायचं थांबवत नाही, पण ऐकतो.

आपल्याकडेही पंपवाल्यांचं घराणं आहेच. ज्या किर्लोसवरून ते आडनाव पडलं ते गाव मालवण तालुक्यातलंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये सांगलीकडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, नांगर केले, पंप केले, आणि १९२० मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागलं. लोखंड विकता विकता मराठी वाचकाला मासिकाची गोडी लावणारा दुसरा कारखाना ऐकिवात नाही. त्या मानाने स्पा विकणारे आजचे दुकानदार साधी माहितीपुस्तिकासुद्धा देत नाहीत. देतात ती चिनी भाषेत असते.

तर पुन्हा परसात. जेटाचं काम कसं चालतं? पाणी एका बारीक तोंडातून वेगाने सोडलं की तिथला दाब उतरतो, आणि बाजूच्या नळीतून हवा आपोआप आत खेचली जाते. इटलीच्याच व्हेंचुरी नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार अभ्यासला. पाठीला जो दणका जाणवतो तो नुसत्या पाण्याचा नसतो. पाणी आणि हवा दोन्ही मिळून तो देतात. म्हणून हवेची नळी तुंबली की पाणी पूर्ण येत असूनही जेट मेल्यासारखा वाटतो. आणि देवबागेत हवेची नळी तुंबायला वेळ लागत नाही. नळीचं तोंड भिंतीच्या आडोशाला, कोरडं, पावसापासून सुरक्षित असतं. कुंभारीण माशीला घर बांधायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात मिळणार नाही. ती चिखलाच्या गोळ्या आणते, आत अळ्यांची सोय लावते आणि तोंड लिंपून जाते. दोन एचपीच्या नव्या मोटारीवर चाळीस हजारांची बोलणी चालू असताना खरा दोष बोटभर चिखलाचा असू शकतो. एक तार घालून नळी साफ केली की जेट फुरफुरायला लागतो, आणि मग जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येक जण सांगतो की आपण हेच म्हणत होतो.

याहून स्वस्त दोषही आहेत. पुष्कळ जेटांची पुढची कडी फिरवली की झोत कमी-जास्त होतो आणि शेवटपर्यंत फिरवली की बंदच होतो. गेल्या आठवड्यातल्या पाहुण्यांच्या पोरांनी ती फिरवून ठेवलेली असते. सहापैकी चार जेट बंद आणि उरलेले दोन भिंतीला टरारून मारताहेत, अशा अवस्थेत मालक फोनवर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला मोटारीचा भाव विचारत असतो.

मग येतात व्हॉल्व्ह. घरच्या तलावात बहुधा एकच मोटार तलावाचं पाणीही फिरवते आणि स्पाचंही. कुठून ओढायचं आणि कुठे सोडायचं हे चार-पाच दांड्यांवर ठरतं. त्या दांड्या मोटारीच्या खोपटात एका ओळीत असतात. बसवताना मार्करने नावं लिहिलेली होती. ती पहिल्या मे महिन्यात उडाली. आता कुठली दांडी कशाची हे फक्त घरच्या एका गड्याला माहीत, आणि तो नेमका जत्रेला गेलेला. अर्धी फिरलेली दांडी म्हणजे निम्मं पाणी स्पाऐवजी तलावात. "हो व्हॉल्व कोणी फिरवल्यान?" या प्रश्नाला देवबागेत आजवर एकच उत्तर मिळालेलं आहे: "माका काय म्हायती!" ऑइलपेंटाचा छोटा डबा आणि ब्रश, एवढ्यात हा दोष कायमचा सुटतो. पण शंभर-दोनशे रुपयांचा उपाय कोणाला पटत नाही. त्यात सल्ल्याचा मान राहत नाही.

वाळूचा फिल्टर हा पुढचा संशयित. त्यावर दाबाचं घड्याळ असतं आणि ते बोलकं असतं. धुतलेल्या फिल्टरचा काटा कुठे उभा राहतो ते एकदा लिहून ठेवावं. तिथून आठ-दहा पौंड वर चढला की फिल्टर भरला, बॅकवॉश करा. काटा नेहमीपेक्षा खाली उतरला तर अडथळा मोटारीच्या मागे, म्हणजे ओढणीच्या बाजूला आहे: जाळी तुंबली, पाणी कमी झालं किंवा हवा शिरली. इतकं सोपं निदान डॉक्टरलाही मिळत नाही. फक्त खाऱ्या वाऱ्यात हे घड्याळ दीडेक वर्षात गंजतं आणि काटा पंधरावर चिकटून बसतो. मग मालक रोज सकाळी येऊन बघतो, पंधरा आहे, सगळं ठीक आहे म्हणून चहा प्यायला जातो.

जाळीत काय सापडतं हे पाहिलं तर गाव कळतं. रेव तर असणारच. इथे तांदूळ निवडतानाही रेव असते. माडाच्या फुलोऱ्याची फुलं, सोडणाचे धागे, एखादी खेकड्याची नांगी. सर्वांत वाईट सुरूच्या काड्या. किनाऱ्यावर वारा अडवायला लावलेली ही झाडं, त्यांची सुईसारखी पानं स्किमरच्या जाळीतून उभी निसटतात, मोटारीच्या पंख्यात आडवी बसतात आणि एकमेकींत गुंतून गाठ करतात. पंखा फिरतो, मोटार गुणगुणते, बिल येतं, पाणी तेवढं येत नाही.

आणि हवा. "मोटार हवा धरता" हे वाक्य कोकणात ज्याने ऐकलं नाही त्याने विहीर पाहिलेली नाही. ओढणीच्या पाइपात एखादा सांधा किंचित उसवला तर तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे गळती दिसत नाही आणि प्लंबर शपथेवर सांगतो की गळती नाही. जाळीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुड्यांची माळ मात्र लपत नाही. मोटार चालू ठेवून संशयित सांध्यावर साबणाचा फेस लावला की तो आत ओढला जातो आणि चोर सापडतो. त्यावर सोल्युशन, टेफलॉन, एमसील, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि सुतळी यांपैकी कायकाय लावायचं यावर पुन्हा सभा भरते. झाकणाखालचं रबरी वायसर बदलायचं आहे, हे सभा संपल्यावर कळतं.

इतकं सगळं साफ करूनही जोर येत नसेल तर मात्र जमीन उकरण्याला पर्याय नाही, कारण दोष पाइपात आहे. इथे थोडं गणित करायलाच हवं. एका जेटाला मिनिटाला साधारण पन्नास लिटर पाणी लागतं. सहा जेट म्हणजे तीनशे लिटर. एवढं पाणी दीड इंची पाइपातून न्यायचं तर त्याला सेकंदाला चार मीटरच्या वेगाने धावावं लागतं. या कामातला दंडक सांगतो की ओढणीच्या पाइपात वेग पावणेदोन-दोन मीटरच्या वर नको आणि सोडणीच्या पाइपात अडीचच्या वर नको. म्हणजे सोडणीला किमान दोन इंची, ओढणीला अडीच इंची पाइप हवा. दीडच्या जागी दोन इंची घातला तरी घर्षण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतं. अर्धा इंच वाढल्यावर केवढा फरक! पण बांधकामाच्या वेळी मालकाने टाइल्स पाहायला तीन चकरा मारल्या, आणि पाइप "जो आसा तो घाल" म्हणून सांगितलं. टाइल पाहुण्याला दिसते. पाइप दिसत नाही. तो फक्त जाणवतो.

त्यात वळणं. दोन इंची पाइपातला एक काटकोनी एल्बो पाच-सहा फूट सरळ पाइपाएवढा अडथळा करतो. मोटारीचं खोपट स्पापासून पंचवीस फुटांवर. सरळ रेघ मारली तर मध्ये माड येतो. माड तोडायचा? आजोबांनी लावलेला, वर्षाला शंभरेक नारळ देणारा माड स्पासाठी तोडायचा विचार देवबागेत कोणी मोठ्याने करत नाही. पाइप माडाला प्रदक्षिणा घालतो. पुढे तुळशीवृंदावन, त्याच्या खालून पाइप न्यायला आजी नाही म्हणते, बरोबरच म्हणते. पुन्हा दोन एल्बो. मग सेप्टिक टँक. तिथून तर प्लंबरच नाही म्हणतो. असे दहा एल्बो जमले की पंचवीस फुटांच्या पाइपाचा अडथळा ऐंशी फुटांचा झाला. काटकोनांऐवजी लांब वळणाचे बेंड घातले तर यातलं बरंच वाचतं. माडालाही त्याचं काही नसतं.

आणखी एक गोष्ट आहे ती मात्र देवबागेला पुस्तकाशिवाय ठाऊक असायला हवी होती. सहा जेट एकामागून एक एकाच पाइपावर टाचले की मोटारीजवळचा पहिला जेट माजतो आणि सहावा थुंकतो. बागेत पाट सोडला की हेच होतं: पहिल्या माडाचं आळं भरून वाहतं आणि शेवटच्या माडापर्यंत ओलही पोचत नाही, म्हणून शिंपणारा गडी पायाने माती ओढत एकेक तोंड बांधत जातो. स्पात उभं राहून पायाने माती ओढायची सोय नाही. तिथे पाइपाचं कडं करतात. सोडणीचा पाइप स्पाभोवती पूर्ण फिरवून पुन्हा स्वतःलाच जोडायचा, म्हणजे प्रत्येक जेटाला दोन्ही बाजूंनी पाणी मिळतं आणि सहाही जवळजवळ सारख्या जोराने मारतात. आणि खरा पक्का उपाय हवा असेल तर जेटांना वेगळी मोटार द्यायची. तलावाची मोटार फिल्टरमधून पाणी गाळत राहते. जेटांची मोटार स्पातून ओढते आणि फिल्टरच्या वाटेला न जाता थेट कड्यात सोडते. ती एक-दीड एचपीची पुरते. जोर मोटारीच्या पाटीवर लिहिलेला असतो खरा, पण तो पाठीपर्यंत पोचतो किती हे वाटेवर ठरतं.

ओढणीचं एक कलम मात्र गंमतीचं नाही. काही जण "ओढ वाढवायला" तळाची जाळी काढून टाकतात किंवा दोनपैकी एक तोंड बंद करतात. हे कदापि करू नये. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी स्पाच्या तळाच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला. एकमेकांपासून अंतरावर दोन तोंडं आणि दोन्हींवर न अडकणारी फुगीर जाळी, हे किमान. विजेच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि धड अर्थिंग, हेही. वाळूत अर्थिंग नीट लागत नाही, ते मुद्दाम तपासून घ्यावं लागतं.

विजेचा विषय निघालाच आहे. दिवाळी आणि नाताळात गावातले सगळे एसी एकदम लागतात आणि टोकाच्या घरी २३० चे १८० व्होल्ट होतात. तेव्हा मोटारीचा टॉर्क जवळपास चाळीस टक्के उतरतो. ती तापते, हुंकार देते आणि स्वतःला बंद करून घेते. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेली मोटार असेल तर वेगळीच मजा. तिची सवय साठ आवर्तनांची. इथे मिळतात पन्नास. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवलं तरी ती पाच-षष्ठांश वेगानेच फिरते, आणि दाब उरतो सत्तर टक्के. भाचा फोनवर म्हणतो, "आमच्याकडे तर मस्त चालते."

विज्ञान इतकं करून थकलं की दुसरी वाट मोकळीच असते. मोटारीच्या खोपटासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालता येतं, आणि ते असं काहीसं होईल:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या परसवात जो सहा जेटांचो स्पा बांधलेलो आसा, तेच्या पाण्याक जोर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मोटारीन हवा धरली आसात, पायपात सुरूची काडी, रेव, कुंभारणीचा घर अडाकला आसात, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"व्होल्टेज दोनशे तीसच्या खाली उतरू दिव नको, आणि मुंबयच्या पाव्हण्याक तीन दिवस तरी समाधानान बसान रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याने जोर वाढल्याची नोंद नाही. पण त्या निमित्ताने कोणीतरी खोपटात वाकून बघतं आणि अर्धी फिरलेली दांडी सापडते, हे घडू शकतं.

शेवटी एक दिवस सगळं जुळून येतं. पाइप अडीच इंची, बेंड लांब वळणाचे, कडं पूर्ण, जेटांची मोटार वेगळी. बटण दाबल्यावर सहाही जेट असे उसळतात की काठावर ठेवलेला सोलकढीचा ग्लास उलटतो. मे महिन्याची दुपार असते. बाहेर चौतीस अंश, दमट. तलावाचं पाणी कोणी न तापवताच तापलेलं. पाहुणा दहा मिनिटं बसतो, लाल होऊन बाहेर येतो आणि विचारतो, "काका, यात गार पाणी सोडता येईल का?"

राहता राहिली ती चुलतभावाच्या सल्ल्याने घेतलेली दोन एचपीची मोटार. दुकानदार परत घेत नाही. खोपटात पडून गंजण्यापेक्षा ती विहिरीवर बसवली जाते, आणि जकूझी भावांचा पंप जिथून निघाला होता त्याच कामाला लागते: बाग शिंपायला. शेवटच्या माडापर्यंत पाणी धो धो पोचतं. मालक खूश. पण देवबागेच्या विहिरी म्हणजे वाळूच्या पट्टीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव गोड राहिल्या, त्यांच्यावर कधी दोन एचपीची मोटार बसली नव्हती. भूजलाचा हिशेब एकास चाळीस असा असतो: उपसून पातळी एक फूट खाली नेली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकायला मोकळं होतं. देवबागेत चाळीस फूट म्हणजे सगळीच विहीर.

दुसऱ्या उन्हाळ्यात मालकीणबाई चहाचा पहिला घोट घेतात आणि कप खाली ठेवतात.

"जोर इलो तुमच्या पाण्याक," त्या म्हणतात, "पण च्या मचूळ लागता."

मालक मोटार बंद करायला उठतो. खोपटात पाच दांड्या आणि तीन बटणं असतात, आणि गडी पुन्हा जत्रेला गेलेला असतो.